न्यू जर्सीत घर घेतलंत? मग टाउनशिप काउन्सिल समजून घ्या

एडिसन, प्लेन्सबरो, फ्रँकलिन, वेस्ट विंडसर. पत्ता सांगताना ही नावं आपण रोज घेतो. पण ‘तुमच्या टाउनशिपमध्ये महापौर कोण ठरवतं?’ असं कुणी विचारलं की बहुतेक जण खिशातून फोन काढतात. मीही त्यातलाच. सहा वर्षं राहून टाउनशिपशी माझा संबंध रिसायकलिंगची गाडी कुठल्या वारी येते एवढाच होता. मग एक दिवस सही करून घ्यावं लागणारं एक पत्र पोस्टाने आलं आणि पुढच्या तीन महिन्यांत मी बरंच काही चुकतमाकत शिकलो. नव्याने घर घेतलेल्यांनी निदान त्याच चुका पुन्हा करू नयेत म्हणून हे क्रमाने लिहितो आहे. पत्राची गोष्ट पुढे येईलच.

पहिलं काम: टॅक्सचं बिल काढा

प्रॉपर्टी टॅक्सचे हप्ते वर्षातून चार: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. बहुतेकांचा टॅक्स बँक एस्क्रोमधून, म्हणजे कर्जाच्या हप्त्यासोबत बाजूला काढलेल्या पैशांतून, परस्पर भरते, त्यामुळे बिल उघडून बघायचं राहूनच जातं. ते एकदा बघा. पैसे गोळा करतो टाउनशिपचा टॅक्स कलेक्टर, म्हणून सगळा पैसा टाउनशिपच खाते असा आपला समज होतो. बिलावर मात्र वेगवेगळ्या ओळी असतात: शाळा, काउंटी, टाउनशिप, कुठे वाचनालय, कुठे फायर डिस्ट्रिक्ट. साधारणपणे निम्म्याहून जास्त रक्कम शाळांकडे जाते.

या ओळी म्हणजेच कुणाकडे जायचं याचा नकाशा. शाळा चालवतं बोर्ड ऑफ एज्युकेशन. बहुतेक ठिकाणी ते स्वतंत्रपणे निवडून येतं, त्याचं बजेट वेगळं आणि बैठकाही वेगळ्या. शाळेच्या बसची तक्रार घेऊन टाउनशिप काउन्सिलपुढे उभे राहिलात तर ते शांतपणे ऐकून घेतील आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणतील. काउंटीचा कारभार कमिशनर्सचं बोर्ड बघतं. २०२०च्या अखेरपर्यंत त्यांना ‘फ्रीहोल्डर’ असं जुनाट नाव होतं, जुन्या कागदांवर ते अजून सापडतं.

रस्त्यांचंही तसंच. एकाच गावातला एक रस्ता राज्याचा, दुसरा काउंटीचा आणि तिसरा टाउनशिपचा. निळ्या पंचकोनी पाटीवर पिवळा आकडा दिसला की तो काउंटीचा रस्ता. तिथल्या खड्ड्यासाठी टाउनशिपला फोन करून उपयोग नाही. तुमच्या घरासमोरची गल्ली मात्र बहुधा टाउनशिपचीच.

तुमची टाउनशिप कुठल्या साच्यातली?

न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत: बरो, टाउनशिप, सिटी, टाउन आणि व्हिलेज. गंमत अशी की नावावरून कारभाराची पद्धत कळत नाही. दोन शेजारच्या ‘टाउनशिप’ अगदी वेगळ्या रीतीने चालतात, आणि एका गावच्या मित्राचा सल्ला दुसऱ्या गावात चुकतो तो याच कारणाने.

जुनी पद्धत टाउनशिप कमिटीची. तीन किंवा पाच जण तीन-तीन वर्षांसाठी निवडून येतात आणि दर जानेवारीत आपल्यातल्याच एकाला महापौर करतात. प्लेन्सबरोमध्ये अशी पाच जणांची कमिटी आहे. तिथे ‘महापौराला मत दिलं’ असं कुणी म्हणाला तर त्याने मतपत्रिका नीट वाचलेली नाही.

दुसरी पद्धत १९५०च्या कायद्यातून आली. माँटक्लेअरचे माजी महापौर बेयर्ड फॉकनर यांच्या नावावरून सगळे त्याला फॉकनर ॲक्ट म्हणतात. त्यात मुख्य दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. ‘मेयर-काउन्सिल’ प्रकारात महापौर थेट मतदारांकडून निवडला जातो आणि कारभार त्याच्या हातात असतो. एडिसन या प्रकारातलं. ‘काउन्सिल-मॅनेजर’ प्रकारात काउन्सिल एक पगारी मॅनेजर नेमतं आणि रोजचा कारभार तो चालवतो. महापौर असतो, पण प्रशासनाच्या दोऱ्या त्याच्याकडे नसतात. सॉमरसेट काउंटीतलं फ्रँकलिन या प्रकारातलं. तिथे काउन्सिलवर नऊ जण आहेत: पाच वॉर्डांतून, तीन सगळ्या गावातून आणि महापौर.

तुमच्या टाउनशिपच्या वेबसाइटवर ‘गव्हर्न्मेंट’ या पानावर हे लिहिलेलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे. पुढचं सगळं त्यावर अवलंबून असल्यामुळे ते आधी करा. मी इथून पुढे मुख्यतः एडिसनसारखी मेयर-काउन्सिल पद्धत डोळ्यांसमोर ठेवून लिहितो.

त्या सात खुर्च्यांवर कोण बसतं?

एडिसनला १९५४ पर्यंत रॅरिटन टाउनशिप म्हणत. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती, त्यावरून नाव बदललं. २०२०च्या जनगणनेत वस्ती १,०७,५८८. एवढ्या वस्तीला काउन्सिलचे सदस्य सात. मुदत चार वर्षं, पण सगळे एकदम बदलत नाहीत. विषम सालच्या नोव्हेंबरात दर दोन वर्षांनी साधारण अर्ध्या जागांची निवडणूक होते.

आपल्याकडून आलेल्या माणसाचा पहिला गोंधळ इथे होतो. ‘आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?’ या प्रश्नाला एडिसनमध्ये उत्तरच नाही. सातही जण सगळ्या गावातून निवडून येतात. म्हणजे तुमचा असा कुणी एक नाही, किंवा सातही तुमचेच. शेजारच्या वुडब्रिजमध्ये काही सदस्य वॉर्डातून आणि काही सगळ्या गावातून येतात, त्यामुळे ओक ट्री रोडवर चालता चालता हद्द ओलांडली की हिशोब बदलतो.

हे सदस्य पूर्णवेळ नसतात. कुणी वकील, कुणी शिक्षक, कुणी निवृत्त, कुणी आयटीतलं. मानधन मिळतं, पण त्यावर घर चालत नाही. म्हणूनच बैठका संध्याकाळी होतात. दर जानेवारीत पहिल्या बैठकीत शपथविधी असतो आणि सदस्य आपल्यातून काउन्सिल प्रेसिडेंट निवडतात. बैठक तो किंवा ती चालवते. महापौर तिथे बोलू शकतो, पण काउन्सिलच्या ठरावांवर त्याला मत नसतं.

महापौराच्या हाताखाली बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर असतो. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदेत मुख्याधिकारी जे बघतो ते बरंचसं हा बघतो. फरक असा की मुख्याधिकारी सरकारने धाडलेला असतो, आणि हा महापौराने काउन्सिलच्या संमतीने नेमलेला. महापौर बदलला की हाही बहुधा बदलतो. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: काउन्सिलच्या सदस्याने पब्लिक वर्क्सच्या माणसाला थेट फोन करून ‘अमक्याच्या दारातला बर्फ आधी काढ’ असा हुकूम द्यायचा नसतो. या पद्धतीत काउन्सिलने प्रशासनाशी महापौरामार्फतच व्यवहार करावा असा नियम आहे. तेव्हा नगरसेवकाला धरून काम करून घ्यायची सवय इथे विमानातच सोडून या. सदस्य तुमची तक्रार पुढे पाठवतील, पण बर्फ, झाड, पाण्याची तुंबलेली जाळी यासाठी थेट खात्याला लिहिलेलं लवकर पोचतं.

आणि एक व्यक्ती जिच्याशी ओळख ठेवायलाच हवी: म्युनिसिपल क्लार्क. शब्द ऐकून कारकून समजू नका. हे कायद्याने बांधलेलं पद आहे आणि त्यासाठी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बैठकीचं इतिवृत्त, अजेंडा, निवडणुकीचे अर्ज, सरकारी कागदपत्रं सगळं यांच्याकडे. महापौर येतात-जातात, क्लार्क वर्षानुवर्षं तिथेच असतात. माहितीच्या अधिकारासारखा इथला कायदा म्हणजे ओप्रा. त्याखाली जुना नकाशा, करार, पत्रव्यवहार मागायचा तर अर्ज क्लार्ककडेच जातो, आणि सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांत उत्तर यावं लागतं.

ऑर्डिनन्स कुठे थांबवता येतो?

काउन्सिल दोन प्रकारे निर्णय घेतं. ठराव, म्हणजे रेझोल्यूशन, एका बैठकीत एका मतदानात होतो: कंत्राट देणं, बिलं मंजूर करणं, कुणाचं अभिनंदन. अनेक ठराव ‘कन्सेंट अजेंडा’ म्हणून एका गठ्ठ्यात मंजूर होतात. डोळ्याची पापणी लवते तोवर चाळीस ठराव पास झालेले मी पाहिले आहेत.

ऑर्डिनन्स म्हणजे गावचा कायदा. भारतात आपण ज्याला अध्यादेश म्हणतो तो हा नव्हे. हा सावकाश चालतो. एका बैठकीत तो मांडला जातो, त्याला इंट्रोडक्शन किंवा फर्स्ट रीडिंग म्हणतात. मग त्याची जाहीर सूचना निघते. पुढच्या एखाद्या बैठकीत सेकंड रीडिंग, जाहीर सुनावणी आणि अंतिम मतदान. मंजूर झाला की महापौराकडे जातो. दहा दिवसांत तो सही करतो किंवा नकाराधिकार वापरून परत पाठवतो. परत आलेला ऑर्डिनन्स काउन्सिल दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर करू शकतं. सातांत पाच मतं.

लोक येतात ते सेकंड रीडिंगला, लाल टी-शर्ट घालून, पोस्टर घेऊन. तोवर सदस्यांची मनं बहुतेक ठरलेली असतात. रात्रीच्या पार्किंगवर बंदी, लीफ ब्लोअरच्या वेळा, घरं थोड्या दिवसांसाठी भाड्याने देण्याचे नियम, असलं काही अजेंड्यावर फर्स्ट रीडिंगला दिसलं तर त्याच आठवड्यात सातही जणांना ईमेल करा. चार ओळींची, तुमच्या रस्त्याचं नाव असलेली. व्हॉट्सॲपवरून सगळ्यांनी तेच मजकूर चिकटवलेले ईमेल पाठवले की ते एकच ईमेल म्हणून मोजले जातात, हे मला एका माजी सदस्यानेच सांगितलं.

अगदीच हाताबाहेर गेलं तर फॉकनर ॲक्टच्या गावांत एक दार उरतं. ऑर्डिनन्स मंजूर झाल्यापासून वीस दिवसांत पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा केल्या तर तो सार्वमताला न्यायची मागणी करता येते. सह्यांचं प्रमाण ठरतं राज्याच्या असेम्ब्लीच्या मागच्या निवडणुकीत गावात झालेल्या मतदानावर: त्याच्या १५ टक्के. सोपं नाही.

बजेटही असंच मांडलं जातं, साधारण वसंताच्या सुमारास. मांडणी आणि सुनावणी यांत निदान २८ दिवसांचं अंतर असतं. टाउनशिपने टॅक्समधून गोळा करायची एकूण रक्कम वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवू नये अशी राज्याची मर्यादा आहे, काही खर्च वगळून. त्यामुळे ‘टॅक्स का वाढला?’ याचं उत्तर दरवेळी काउन्सिलपाशी सापडेलच असं नाही.

बैठकीला जाऊन बसा

एकदा तरी प्रत्यक्ष जा. खोली शाळेच्या हॉलसारखी, समोर उंचवट्यावर अर्धगोल टेबल, नावांच्या पाट्या, एका टोकाला क्लार्क, दुसऱ्या टोकाला टाउनशिपचा वकील. आधी झेंड्याला वंदन. मग क्लार्क एक परिच्छेद भराभर वाचतात: १९७५च्या ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्टप्रमाणे सूचना दिली आहे वगैरे. तो उपचार वाटतो, पण सूचना नीट दिली नसेल तर बैठकीतला निर्णय कोर्टात रद्द होऊ शकतो.

प्रत्येक बैठकीत लोकांना बोलायला वेळ ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. किती मिनिटं ते गाव ठरवतं, बहुतेक ठिकाणी तीन ते पाच. माइकपाशी जायचं, नाव सांगायचं, पत्ता सांगायचा आणि बोलायचं. नागरिक असण्याची अट नाही. एच-वन-बीवर असाल, आई-वडील भेटीला आलेले असतील, तरी त्या खोलीत बसायला आणि बोलायला कुणी अडवत नाही.

तीन मिनिटं म्हणजे फारच थोडी. ‘सर्वप्रथम मी माननीय...’ यात एक मिनिट जातं. लिहून न्या, मागणी पहिल्या वाक्यात ठेवा: ‘अमक्या कोपऱ्यावर स्टॉप साइन हवी, शाळेची मुलं तिथून रस्ता ओलांडतात.’ तिथल्या तिथे उत्तर मिळेलच असं नाही. ते नोंद घेतात, ॲडमिनिस्ट्रेटर मान डोलावतो. दोन आठवड्यांनी परत जा आणि त्याच नोंदीचं काय झालं ते विचारा. दुसऱ्यांदा आलेला माणूस त्यांच्या लक्षात राहतो.

ते पत्र

आता माझी फजिती. पत्र झोनिंग बोर्डाचं होतं. आमच्या कोपऱ्यावरचं जुनं घर पाडून तिथे दुमजली डेंटल ऑफिस बांधायचा कुणाचा तरी विचार होता. जागा राहत्या घरांसाठी राखीव, म्हणून त्यांना ‘व्हेरियन्स’, म्हणजे नियमातून सूट हवी होती. असा अर्ज आला की २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी कळवावं लागतं. तसं ते पत्र.

मी काय केलं? गल्लीचा ग्रुप काढला, चाळीस सह्या गोळा केल्या आणि काउन्सिलच्या बैठकीला गेलो. तीन मिनिटं जोरात बोललो. प्रेसिडेंटबाई शांतपणे म्हणाल्या, “अर्ज झोनिंग बोर्डापुढे आहे, आम्हाला त्यावर काही बोलता येणार नाही.” मागून वकिलाने मान हलवली. आणि बोर्डाची सुनावणी? ती आदल्याच गुरुवारी होऊन गेली होती. पत्रावर तारीख होती, मी फक्त ‘टाउनशिप’ हा शब्द वाचला होता.

नशीब असं की साक्षी संपल्या नव्हत्या आणि सुनावणी पुढच्या महिन्यावर गेली होती. पुन्हा पत्र येत नाही, तारीख बैठकीतच जाहीर होते. आमच्या गल्लीत तीस वर्षं राहिलेले एक काका आहेत, ते म्हणाले, “सह्यांचा कागद घरी ठेव. कागदाची उलटतपासणी होत नाही, म्हणून बोर्ड तो धरत नाही. चाळीसच्या ऐवजी चौघं या, पण स्वतः बोला. आणि ‘आम्हाला नको’ असं म्हणू नका. पार्किंगचं बोला, पाण्याचं बोला, दिव्यांचं बोला.”

झोनिंग बोर्डावर सात नेमलेले स्वयंसेवक बसतात. वापर बदलण्याची सूट द्यायला त्यांतल्या पाच जणांचा होकार लागतो. कारभार जवळजवळ कोर्टासारखा: अर्जदाराचा वकील, इंजिनियर, ट्रॅफिकचा तज्ज्ञ शपथेवर बोलतात, आणि तुम्ही त्यांना प्रश्न विचारू शकता. मी विचारलं, “पार्किंगचे दिवे किती वाजता विझणार?” इंजिनियरने फाइल चाळली, वकिलाकडे बघितलं. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. शेजारच्या ताईंनी पावसाचं पाणी कुठल्या बाजूला उतरणार ते विचारलं आणि नकाशावर त्यांचंच तळघर निघालं.

अर्ज पास झाला, पाच विरुद्ध दोन. पण अटींसह: दिवे रात्री नऊला बंद, पाण्याचा वेगळा निचरा, आमच्या बाजूला लाकडी कुंपण आणि आर्बरव्हायटीच्या झाडांची रांग. काउन्सिलपुढच्या माझ्या भाषणाने यातलं काहीही मिळालं नसतं.

प्लॅनिंग बोर्ड वेगळं. ते गावाचा मास्टर प्लॅन आणि नियमात बसणारी मोठी बांधकामं बघतं. त्यावर नेमलेल्या नागरिकांसोबत महापौर किंवा त्याचा प्रतिनिधी आणि काउन्सिलचा एक सदस्यही असतो. गोदाम, अपार्टमेंटची इमारत, स्ट्रिप मॉल, हे गावात उगवण्याआधी बहुधा इथून जातं. प्रेक्षकांत मात्र तीन डोकी असतात. माझ्या मते टाउनशिपमधली सगळ्यात महत्त्वाची खोली हीच, आणि सगळ्यात रिकामीही.

मत आणि उमेदवारी

मत फक्त अमेरिकन नागरिकांना. ग्रीन कार्डवरही नाही. मोटर व्हेइकलच्या ऑफिसात लायसन्सचं काम करताना मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो. नागरिक नसाल तर तो नीट वाचून ‘नाही’ म्हणा. चुकून झालेली नोंदणी आणि मग दिलेलं मत पुढे इमिग्रेशनमध्ये भलतंच महाग पडतं. नागरिक झालात की निवडणुकीच्या २१ दिवस आधी नोंदणी हवी.

काउन्सिलसाठी उभं राहायचं तर मतदार असावं लागतं आणि गावात निदान एक वर्ष राहिलेलं असावं लागतं. एडिसनसारख्या गावात निवडणूक पक्षांच्या नावावर होते, म्हणून खरी चुरस बऱ्याचदा जूनमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत असते. पूर्वी काउंटीतल्या पक्षाने पाठिंबा दिलेले उमेदवार मतपत्रिकेवर एकाच रांगेत छापले जात आणि रांगेबाहेरच्याला फारशी आशा नसे. २०२४मध्ये फेडरल कोर्टाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती रांग थांबवली. वेस्ट विंडसरसारख्या काही गावांत मात्र मतपत्रिकेवर पक्ष नसतोच.

आपल्या लोकांसाठी हे दार आता नवीन नाही. उपेंद्र चिवुकुला फ्रँकलिनच्या काउन्सिलवर होते, २००० साली तिथले महापौर झाले आणि पुढे राज्याच्या असेम्ब्लीत गेले. एडिसनमध्ये काउन्सिलवर असलेले सॅम जोशी २०२१च्या नोव्हेंबरात महापौर म्हणून निवडून आले.

निवडणूक नको असेल तर बोर्डं आणि समित्या आहेत: पर्यावरण, वाचनालय, रिक्रिएशन, झाडं. गणपतीसाठी पार्क, क्रिकेटसाठी मैदान हे विषय रिक्रिएशनकडे फिरत असतात, आणि तिथे आपलं कुणी नसतं म्हणून आपण दरवर्षी नव्याने समजावत बसतो. अर्ज क्लार्ककडे मिळतो. तो डिसेंबरच्या आत द्या, कारण बऱ्याच नेमणुका जानेवारीच्या पहिल्या बैठकीत होतात. काही जागांना नागरिकत्वाची किंवा मतदार असण्याची अट असते, काहींना फक्त रहिवासी असण्याची. आधी विचारून घ्या.

मी झाडांच्या समितीचा अर्ज भरला. क्लार्कबाईंनी तो वाचून चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “झाडांचा काही अनुभव?” मी म्हटलं, “कोपऱ्यावरच्या डेंटल ऑफिसची आर्बरव्हायटी हरणांनी एका हिवाळ्यात खाल्ली. दुसऱ्या वेळी काय लावायचं ते आता मला माहीत आहे.” त्यांनी शिक्का मारला.